नऊ किलोमीटर, चौदा वर्षं

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला पोचली, हे आपण मुलांना सांगतो. ती ठाण्यालाच का थांबली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. उत्तर नकाशात आहे. ठाणं हे साष्टी बेटाच्या काठावरचं गाव. पूर्वेला खाडी, उत्तरेला उल्हास नदी. त्यापुढे जायचं तर पाण्यावर पूल हवा. तो पूल झाला आणि १ मे १८५४ ला गाडी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. म्हणजे ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा मार्ग सुरू व्हायला त्यानंतर वर्षभर पुरलं.

आता त्याच टप्प्यावरची अलीकडची गोष्ट पाहा. ठाणे ते दिवा या सुमारे नऊ किलोमीटरच्या पट्ट्यात पाचवी आणि सहावी रेल्वे मार्गिका टाकायचं काम 'मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पा'च्या दुसऱ्या टप्प्यात २००८-०९ साली मंजूर झालं. त्या मार्गिकांचं उद्घाटन झालं १८ फेब्रुवारी २०२२ ला. मध्ये जवळजवळ चौदा वर्षं गेली. मंजुरीच्या वर्षी पहिलीत गेलेलं डोंबिवलीचं मूल तोवर कॉलेजात जाऊन रोज लोकलच्या दारात लटकू लागलं होतं.

हे दोन आकडे फळ्यावर लिहिले की वर्गातून हमखास प्रश्न येतो, "सर, तेव्हा एक वर्ष आणि आता चौदा?" त्यावर आपल्याकडे तयार उत्तरं असतात. 'सरकारी काम असंच', 'खाल्ले असतील पैसे'. त्यांत तथ्य असूही शकतं. पण ताप आलेल्या माणसाला 'तब्येत बरी नाही' एवढंच सांगणारा डॉक्टर जसा उपयोगाचा नाही, तसंच हे उत्तर. उशीर कसा तयार होतो, खर्च कोणत्या वाटेनं वाढतो, हे समजून घेता येतं. त्यासाठी लागणारं गणित आठवी-नववीच्या पलीकडचं नाही.

आधी तुलना तपासू

विज्ञानात तुलना करताना बाकीच्या गोष्टी समान आहेत ना, हे पाहावं लागतं. इथे त्या समान नाहीत. १८५४ साली सुरू झालेल्या मार्गाचं काम त्याआधीपासूनच चालू होतं, एका वर्षात सगळं उभं राहिलेलं नाही. रुळांच्या वाटेत तेव्हा दाट वस्ती नव्हती. ज्यांची जमीन गेली त्यांना विचारायची पद्धत नव्हती. मजुरांच्या जिवाची किंमत तर फारच कमी धरली जाई. पुढे बोरघाटाच्या कामात हजारो मजूर रोगराईनं आणि अपघातांनी दगावले. त्या काळच्या वेगात ही किंमतही मिसळलेली होती. तेव्हा जुना वेग हा आपला आदर्श नाही.

आणखी एक फरक आहे. १८५४ मध्ये त्या जागी आधीची रेल्वे नव्हती. २००८ नंतरचं काम चालत्या रेल्वेच्या कुशीत करायचं होतं.

चालत्या गाडीखालचं काम

मुलांना हे गणित घालून पाहा. रात्री एकच्या सुमारास शेवटच्या लोकल जातात आणि चार वाजायच्या आत पहिल्या निघतात. समजा कामासाठी तीन तासांचा 'ब्लॉक' मिळाला. वरच्या तारेतला २५,००० व्होल्टचा प्रवाह बंद करून ती सुरक्षित करायची आणि यंत्रं आणायची, यात सुरुवातीचा अर्धा तास जातो. शेवटचा अर्धा तास सगळं आवरून मार्ग तपासण्यात जातो. हातात उरतात दोन तास.

एखाद्या कामाला १०० तास लागणार असतील तर मोकळ्या माळावर, रोज आठ तासांप्रमाणे, ते तेरा दिवसांत संपेल. रुळांवर त्याला पन्नास ब्लॉक लागतील. आठवड्याला दोन ब्लॉक मिळाले तर पंचवीस आठवडे, म्हणजे जवळजवळ सहा महिने. कामगार तेवढेच आणि तितकेच मेहनती आहेत, तरी तेरा दिवसांचं काम सहा महिन्यांवर गेलं.

शिवाय काही कामं तुकड्यांत करताच येत नाहीत. जुने रूळ तोडून नव्यांना जोडायचे, तर ते एकदाच आणि सलग करावं लागतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पट्ट्यात ७२ तासांचा मेगाब्लॉक घेतला गेला, तो याच कारणानं.

कल्याणचा पत्रीपूलही असाच चालत्या रुळांवरचा. शंभरी ओलांडलेला तो ब्रिटिशकालीन पूल ऑगस्ट २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद केला आणि नोव्हेंबरात पाडला. पाडायला काही तासांचा ब्लॉक पुरला. नवा पूल मात्र २५ जानेवारी २०२१ ला खुला झाला. सुमारे ७०० टन वजनाचा आणि ७६ मीटरहून लांब गर्डर खालची रेल्वे चुकवत जागेवर सरकवायचा होता. मध्ये करोनाची टाळेबंदीही आली. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला, तोही सप्टेंबर २०२१ मध्येच पुन्हा खुला झाला. त्या दोन वर्षांत पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्या रुग्णवाहिकेला किती वळसा पडला असेल, याचा अंदाज तिथल्या शिक्षकांना सांगायला नको.

साखळी कुठे ताणली जाते

मोठं काम म्हणजे शेकडो लहान कामांची साखळी असते. त्यांतली काही एकाच वेळी चालू शकतात, तर काहींना आधीचं संपल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही. एक काल्पनिक पूल घेऊ. जमीन मोकळी करायला १२ महिने, त्यानंतर पाया आणि खांब उभारायला ७ महिने, आणि शेवटी गर्डर बसवायला १ महिना. गर्डर कारखान्यात तयार व्हायला ८ महिने लागतात, पण ते काम बाजूला चालू राहू शकतं.

जमीन, खांब आणि गर्डर बसवणं हा रस्ता १२ + ७ + १ = २० महिन्यांचा आहे. गर्डर पहिल्या दिवशी करायला घेतला तर आठव्या महिन्यात तयार होऊन अकरा महिने पडून राहील. म्हणजे कारखान्याला दुप्पट पैसे देऊन गर्डर चार महिन्यांत करून घेतला, तरी पूल एक दिवसही आधी होणार नाही. पण जमीन मिळायला एक महिना उशीर झाला तर पूल निदान एक महिना उशिरा होणारच. सर्वांत लांब पडणाऱ्या या रस्त्याला नियोजनशास्त्रात 'निर्णायक मार्ग' म्हणतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एका रासायनिक कंपनीनं आणि नौदलानं, साधारण एकाच सुमारास पण वेगवेगळ्या वाटांनी, ही पद्धत विकसित केली.

आता आपल्या हवामानाचा हिशेब यात मिसळू. पुलाचं काम १ ऑक्टोबरला सुरू झालं. ठरल्याप्रमाणे पुढच्या सप्टेंबरअखेर जमीन मोकळी होईल, ऑक्टोबर ते एप्रिल खांब उभे राहतील, मे महिन्यात गर्डर बसेल. पावसाळ्याच्या तोंडावर पूल तयार. समजा जमिनीला फक्त तीन महिने उशीर झाला. खांबांचं काम जानेवारीत सुरू झालं आणि मेअखेर पाचच महिने मिळाले. जून ते सप्टेंबर उल्हासला पूर आणि खाडीला उधाण, त्यामुळे पाण्यातलं काम बंद. उरलेलं दोन महिन्यांचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि गर्डर डिसेंबरात. मेअखेरचा पूल डिसेंबरअखेर झाला. तीन महिन्यांच्या उशिराचे सात महिने झाले!

खाडीकाठी यात आणखी एक अडचण असते. वरचा थर भरतीच्या चिखलाचा आणि मऊ चिकणमातीचा. भार टाकला की त्यातलं पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि जमीन दीर्घकाळ खचत राहते. म्हणून खांबांचे पाये खालच्या पक्क्या खडकापर्यंत न्यावे लागतात. खडक कुठे किती खोल आहे हे आधी भोकं पाडून पाहतात, पण दोन भोकांच्या मध्ये काय आहे ते खोदल्यावरच कळतं. आधीच्या तपासणीत वाचवलेले पैसे पुढे अनेक पटींनी मोजावे लागतात.

नव्वद टक्क्यांचा फसवा दिलासा

मोठ्या कामाला अनेक संमती लागतात. रेल्वे, महापालिका, वनखातं, किनारा नियमन, जलवाहिनी, वीजवाहिनी आणि अशा कितीतरी. धरून चालू की अशी दहा कार्यालयं आहेत आणि प्रत्येक जण दहापैकी नऊ वेळा वेळेवर संमती देतं. कार्यक्षमता ९० टक्के, म्हणजे उत्तमच. मग दहाही संमती वेळेवर मिळायची शक्यता किती? कार्यालयं एकमेकांपासून स्वतंत्र धरली तर ०.९ ला ०.९ नं नऊ वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे ०.३५. वीस कार्यालयं असतील तर फक्त ०.१२.

म्हणजे प्रत्येक अधिकारी खरेपणानं म्हणू शकेल, 'माझ्याकडे सहसा उशीर होत नाही', आणि तरीही बहुतेक प्रकल्प उशिरा होतील. दोष शोधताना आपण माणूस शोधतो, पण पुष्कळदा दोष या गुणाकारात लपलेला असतो.

मग या संमती रद्दच कराव्यात का? तसं नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ पासून कांदळवनं तोडण्यावर निर्बंध घातले, कारण भरतीच्या पाण्याचा आणि पुराचा मार याच झाडांमुळे कमी होतो. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी अंगावर घेतला त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. कळवा-मुंब्र्यात रुळांलगत राहणाऱ्यांना दुसरं घर देऊनच हलवायचं, हाही न्यायाचाच भाग आहे. उपाय असा की या गोष्टी आधी उरकायच्या, त्यांचा वेळ वेळापत्रकात प्रामाणिकपणे धरायचा. उलटं केलं की काय होतं, याचं उदाहरण ठाणे जिल्ह्यातच आहे. मुरबाड तालुक्यातल्या काळू धरणाचं काम वनखात्याची आवश्यक मंजुरी नसताना सुरू झालं आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं ते थांबवलं. घाई केल्यानं वेळ वाचला तर नाहीच, उलट काम अडकून पडलं.

खर्च वाढतो म्हणजे काय वाढतं?

'मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पा'च्या दुसऱ्या टप्प्याचा मूळ अंदाज सुमारे ५,३०० कोटी रुपये होता. तो पुढे सुधारत सुमारे ८,०८७ कोटींवर गेला. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त वाढ. 'दीडपट खर्च' असा मथळा वाचला की डोळे विस्फारतात. पण ही वाढ तीन वेगळ्या गोष्टींची बेरीज असते.

पहिली, महागाई. चक्रवाढ व्याजाचंच सूत्र इथे लागू होतं. दर वर्षी ७ टक्के भाववाढ धरली तर आजचं १०० कोटींचं काम पाच वर्षांनी १४० कोटींचं, दहा वर्षांनी १९७ कोटींचं आणि चौदा वर्षांनी २५८ कोटींचं होतं. एक विटही जास्त न लावता! किती वर्षांत रक्कम दुप्पट होते, याचा झटपट अंदाज घ्यायला ७२ ला दरानं भागायचं. ७ टक्क्यांना साधारण दहा वर्षं. या वाढीला सर्वस्वी तोटा म्हणता येत नाही, कारण त्या काळात पगार आणि कररूपी उत्पन्नही वाढलेलं असतं. म्हणून कोणी 'खर्च अमुकपट झाला' म्हणालं की पहिला प्रश्न विचारावा, 'कोणत्या वर्षीच्या रुपयांत?'

दुसरी, कामातच झालेला बदल. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ ला कल्याणमध्ये झाली. २४.९ किलोमीटर, १७ स्थानकं आणि सुमारे ८,४१६ कोटी रुपये, असा तो आराखडा होता. भिवंडीतला काही भाग भुयारी करायचं नंतर ठरलं. भुयाराचा दर उन्नत मार्गापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे जुना अंदाज तिथे लागूच पडत नाही.

तिसरी वाढ म्हणजे निव्वळ नासाडी. अर्धा पूल म्हणजे अर्धा उपयोग नव्हे, शून्य उपयोग. त्यात १०० कोटी कर्जाचे अडकले असतील तर ८ टक्क्यांनी वर्षाला ८ कोटी व्याज चालू, आणि पुलावरून सायकलही जात नाही. उभी यंत्रं, पुन्हा काढलेल्या निविदा, गंजलेल्या सळ्या हे त्यावर आणखी. गैरव्यवहार असेल तर तोही इथेच दडतो. उशीर जितका लांबेल तितके करार पुन्हा उघडतात आणि हिशेब पाहणाऱ्याची नजर चुकवायला जागा होते. पहिल्या दोन वाढी वेगळ्या काढल्याशिवाय ही तिसरी उघडी पडत नाही. सरसकट आरडाओरडा झाला तर खऱ्या चुका करणाऱ्यांचंच फावतं.

अंदाज नेहमी एकाच बाजूला का चुकतो?

नाणं शंभरदा उडवलं आणि नव्वदा छापच पडला तर आपण नाण्यावर संशय घेऊ. प्रकल्पांच्या अंदाजांचं तसंच आहे. डेन्मार्कमधल्या बेंट फ्लुबियर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जगातल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महागाई वगळूनही दर दहातल्या नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा जास्त निघाला. रेल्वेत सरासरी वाढ ४५ टक्के, पूल-बोगद्यांत ३४ टक्के, रस्त्यांत २० टक्के होती. ऑस्ट्रेलियातलं सिडनीचं प्रसिद्ध ऑपेरा हाउस ७० लाख डॉलरमध्ये १९६३ साली होणार होतं, ते १९७३ साली १० कोटी २० लाख डॉलरमध्ये झालं. आपल्याकडे केंद्र सरकार १५० कोटी रुपयांवरच्या आपल्या प्रकल्पांची नोंद ठेवतं. मार्च २०२४ च्या नोंदीत १,८७३ प्रकल्पांपैकी ७७९ रखडलेले होते, म्हणजे दर पाचांतले दोन. ४४९ प्रकल्पांचा खर्च वाढला होता.

चूक निव्वळ अज्ञानाची असती तर कधी जास्त, कधी कमी अंदाज निघाला असता. ती नेहमी एकाच बाजूला झुकते याची दोन कारणं सांगितली जातात. डॅनियल कानेमान आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की, आपण आपल्या कामाचा अंदाज सगळं सुरळीत होईल असं धरून बांधतो आणि तशाच जुन्या कामांचा अनुभव विसरतो. दुसरं कारण कमी निरागस आहे. आकडा लहान सांगितला की मंजुरी लवकर मिळते. एकदा खांब उभे राहिले की मग कोण थांबवणार?

दोन्हींवर उपाय एकच. प्रत्येक काम जगावेगळं न मानता, तशाच पूर्ण झालेल्या कामांना प्रत्यक्षात किती वेळ आणि पैसा लागला ते पाहून अंदाज बांधायचा. ब्रिटनमध्ये सरकारी प्रकल्पांच्या अंदाजात अशी दुरुस्ती करण्याची पद्धत आहे. आपल्या गृहिणी लग्नाच्या स्वयंपाकाचा अंदाज शेजारच्या लग्नात किती लागलं ते विचारूनच करतात. तीच ही पद्धत.

हिशेबात न येणारा खर्च

ठाणे-दिवा मार्गिकांमुळे लांब पल्ल्याच्या गाड्यांना लोकलपासून वेगळी वाट मिळाली आणि ३६ जादा लोकल फेऱ्या सुरू करता आल्या. हा लाभ उशिरा मिळाला, त्याची किंमत कोणत्याच ताळेबंदात लिहिलेली नसते. एक लाख प्रवाशांचे रोज दहा मिनिटं वाया जातात असं धरा. वर्षाच्या ३०० दिवसांत ३० कोटी मिनिटं, म्हणजे ५० लाख तास. तासाची किंमत पन्नास रुपये धरली तरी वर्षाला २५ कोटी.

आणि काही गोष्टींची किंमत करताच येत नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले. निदान चार जण गेले. त्या अपघाताचं खापर एखाद्या रखडलेल्या कामावर फोडणं बरोबर होणार नाही. तोवर मार्गिका सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. पण दारात लटकून जाणाऱ्याला पुढच्या गाडीत जागा मिळेल याची खात्री नसते, म्हणून तो लटकतो. वाहतुकीची सोय लोकवस्तीच्या मागे चौदा-चौदा वर्षं धावत राहिली, तर ती पोचेपर्यंत गर्दी आणखी पुढे गेलेली असते.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग मानसशास्त्राचा. विज्ञान प्रदर्शनाचं प्रतिकृतीचं काम किती दिवसांत होईल, हे प्रत्येक गटाला चिठ्ठीवर लिहायला सांगा. चिठ्ठ्या जपून ठेवा. काम संपल्यावर प्रत्यक्ष दिवस आणि अंदाज यांचं गुणोत्तर काढा. बहुतेकांचं उत्तर एकाहून मोठं येईल. पुढच्या वेळी अंदाजाला त्याच गुणोत्तरानं गुणून पाहा.

दुसरा प्रयोग परिसराचा. जाता-येता दिसणाऱ्या एखाद्या पुलाच्या किंवा रस्त्याच्या कामावरचा फलक मुलांना उतरवून आणू द्या. काम सुरू झाल्याची तारीख, मुदत, रक्कम. फलकच नसेल तर तीही एक नोंद. मग दर महिन्याला काम कुठवर आलं ते आलेखावर मांडा. रेषा आडवी झाली की त्या महिन्यात काय अडलं, ते शोधा. फलकावर न मिळणारी माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मोठ्यांच्या मदतीनं मागता येते. केंद्र आणि राज्य सरकारच्या कार्यालयांत अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे.

अर्ज लिहिताना मुलांना एवढंच शिकवा, 'उशीर का झाला?' असं मोघम विचारू नका. 'जमीन कोणत्या तारखेला ताब्यात आली? कोणती संमती कधी मागितली आणि कधी मिळाली?' असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यावं लागतं. आठवीतल्या मुलीनं असा प्रश्न विचारायची सवय लावून घेतली, तर ती मोठी होईपर्यंत निदान एखाद्या पुलाचं वेळापत्रक थोडं अधिक खरं लिहिलं जाईल.